डोहाचा उपवास

क्रोधाला आमच्या शास्त्रांनी शत्रूंमध्ये गणले आहे, आणि ते योग्यच आहे. कारण माणूस बहुधा स्वतःच्या अपमानासाठी रागावतो. परंतु ज्यांना तक्रार करण्यासाठी वाणीच दिलेली नाही, अशा जिवांचा घात समोर दिसत असताना जो रागावत नाही, त्याच्या शांतीला शांती म्हणावे काय? ज्याच्या हाती राखण सोपवली, त्यानेच ती वस्तू आपली समजून उधळली, तर त्याचा अपराध चोराच्या अपराधाहून जड असतो. चोराने निदान कोणाला शब्द दिलेला नसतो. सातपुड्याच्या कुशीतल्या डोईफोडिया या गावात असा अपराध घडला. तो करणारी माणसे दुष्ट नव्हती, आणि त्या अपराधात माझाही वाटा होता. हे आधीच सांगून टाकतो.

कडू मास्तर हे डोईफोडियाच्या ख्रिस्ती मंडळीचे प्रचारक. आधीची दोन भावंडे दगावल्यावर जन्मले, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी आईने हे नाव ठेवले. पुढे बाप्तिस्मा झाला तेव्हाही त्यांनी ते बदलले नाही. मिशनची शाळा तेच चालवीत, प्रार्थनाही तेच घेत. महिन्यातून एकदा ते बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यातील माझ्या घरी येत आणि दोन तास संस्कृत शिकत. आपल्या प्रार्थना शुद्ध भाषेत रचता याव्यात, एवढाच त्यांचा हेतू होता. बावीस वर्षे ते प्रचारक होते. पाळकाची दीक्षा त्यांना मिळाली नव्हती, म्हणून त्यांना प्रभुभोजनाचा विधी करता येत नसे, लग्नही लावता येत नसे. त्यासाठी गोरे साहेब येत. आता साहेब लोक परत गेले होते. प्रांतांची फेररचना होऊन नवे राज्य आले त्याला सहा महिने झाले होते, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या, आणि मंडळीचा कारभारही मंडळीच्याच हाती आला होता. वैशाखातल्या एका रविवारी बिशपसाहेब येऊन कडू मास्तरांना दीक्षा देणार, असे ठरले. मला आग्रहाचे निमंत्रण होते.

गावाखाली सातपुड्यातून येणारा एक नाला आहे. फाल्गुनात तो आटतो; फक्त एका कातळाखाली डोह उरतो. उन्हाळाभर गावाची गुरे तिथेच पाणी पितात, बाया तिथून हंडे भरतात, पहाटे जंगलातली जनावरे येऊन जातात. नाल्यातले जेवढे मासे जगायचे तेवढे त्या डोहातच जगतात, आणि पहिला पूर आला की तिथूनच सगळीकडे पसरतात. पूर्वी लोक चैत्रातच पाण्यात झाडपाला ठेचून टाकीत आणि गुंगलेले मासे वेचून डोह रिकामा करीत. आठ वर्षांपूर्वी कडू मास्तरांनी ते थांबवले. ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपासकाळ पाळतात, मांस-मासे वर्ज्य करतात. मास्तरांनी सांगितले, जीभ उपास करणार असेल तर जाळ्यानेही केला पाहिजे. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपासकाळ लागल्यापासून, ईस्टरपर्यंत डोहात कोणी हात घालायचा नाही. प्रवचनात ते म्हणत, देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवले ते धनी म्हणून नव्हे, राखण्या म्हणून. लोकांनी नियम ध्यानात ठेवला. त्यामागचे कारण प्रवचनाबरोबर वाऱ्यावर गेले.

ईस्टर होताच दरवर्षी मंडळीतले सारे गडी बहादरपूरकडे केळीच्या बागांत कामाला उतरत, ते पावसाला परतत. त्यामुळे ईस्टरनंतरचे महिने डोह आपोआप सुरक्षित राही. नियमाला तिथे भगदाड आहे, हे कोणाच्या लक्षात यायचे कारणच नव्हते. त्या वर्षी मात्र डोंगर फोडून रस्ता काढायचे काम निघाले आणि लोक गावातच राहिले.

मी शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलो. शाळेपुढे मांडव उभा राहत होता. मंडळीचा सचिव नंदकुमार, शहरातल्या कचेरीत कारकून असलेला तिशीचा गृहस्थ, माझ्याजवळ येऊन बसला. त्याच्याबरोबर चुडामण होता; रस्त्याच्या कामावरचा मुकादम, आडव्या अंगाचा, मोठ्याने हसणारा.

"शास्त्रीजी, एक शंका आहे," नंदकुमार म्हणाला. "एखाद्या व्रताचं उद्यापन झालं, की मग त्याचा नियम उरतो का?"

"उद्यापनाने व्रत पूर्ण होते," मी म्हणालो. "त्यानंतर नियमाचे बंधन राहत नाही."

"नक्की ना?"

"यात मतभेदच नाही."

"ऐकलं का चुडामणभाऊ? पंडितांचा ठप्पा लागला."

"मंग तं काम फत्ते!" चुडामणने मांडीवर थाप मारली. "शास्त्रीजी, तुमाले काय मालूम, किती मोठं काम केलं तुमी."

कसले काम, हे मी विचारले नाही. माझ्या उत्तराचे कौतुक झाले, ते मला आवडले. साठ वर्षे शब्दांचे अर्थ लावण्यात घालवलेल्या माणसाने समोरच्याच्या प्रश्नाचा हेतू विचारू नये, ही गोष्ट मला आजही डसते.

शनिवारी सकाळी कडू मास्तर बिशपसाहेबांना आणायला खकनारला गेले. ते गेल्यावर थोड्या वेळाने दोन दणके ऐकू आले. ओसरीवरच्या पत्र्याचा डबा थरथरला. मास्तरांची पत्नी भागाबाई माझ्यासाठी वेगळी चूल मांडून भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"आज तं रस्त्याचं काम बंद आहे ना?"

"चालू ठेवले असेल," मी म्हणालो आणि पोथीचे पान उलटले.

दुपारी जीप आली. बिशपसाहेब वृद्ध, सौम्य, प्रवासाने थकलेले. त्यांना हार घातले, पाय धुवायला पाणी दिले. बहादरपूरहून आणलेली केळीची पाने मांडवात ओळीने मांडली होती आणि मागच्या चुलाणांवरून मसाल्याचा वास येत होता. मास्तर पाहुण्यांना बसवून व्यवस्था पाहायला मागे गेले. मीही त्यांच्याबरोबर होतो. तिथे दोन मोठ्या पातेल्यांत कालवण रटरटत होते आणि शेजारी गोणपाटावर मासळीचा ढीग पडला होता. मोठे मरळ, वाम, आणि एका सुपात बोटाएवढी पिल्ले.

मास्तरांनी एक मासा उचलला. तो त्यांच्या हातात ओल्या फडक्यासारखा लोंबला. त्याचा कणा मोडलेला होता, डोळे बाहेर आले होते.

"ही मासोळी कुठली, मावशी?"

स्वयंपाकाला बसलेल्या म्हाताऱ्या रंभाबाईंनी पदराने तोंड पुसले. "आपल्याच डोहातली ना, बाबा. चुडामणनं आणली."

"जाळ्यानं?"

रंभाबाईंनी चुलाणातले लाकूड मागे ओढले. मग हळूच म्हणाल्या, "मले काय विचारतो? आवाज तं साऱ्या गावानं ऐकला."

मास्तर मासा खाली ठेवून चालू लागले. ऊन असे होते की सावलीसुद्धा तापली होती. मी मागोमाग गेलो.

डोहाचे पाणी चिखलाच्या रंगाचे झाले होते. त्यावर पांढरी पोटे तरंगत होती. वेचून नेलेल्या मासळीच्या कितीतरी पट तिथेच राहिली होती, कारण ती खाण्याजोगी नव्हती, फार लहान होती. मरळ आपल्या पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात राखीत हिंडते. ती पिल्ले तांबडी असतात. तो तांबडा थवा काठाच्या फेसात, कोणी मूठभर कुंकू उपडे करावे तसा, पडला होता. कातळाचा एक कोपरा सुरुंगाने उडाला होता. रिकामे हंडे घेतलेल्या दोन बाया काठावर उभ्या होत्या. त्यांनी मास्तरांकडे पाहिले आणि माघारी वळल्या.

मास्तरांच्या मानेची शीर उडत होती.

आम्ही परतलो तेव्हा पंगत बसली होती, पाने वाढून झाली होती. मध्ये बिशपसाहेब.

"मास्तर, कुठं होते तुम्ही?" नंदकुमार पुढे आला. "प्रार्थना करा. साहेबांना भूक लागली आहे."

"या अन्नावर मी आशीर्वाद मागणार नाही," कडू मास्तर म्हणाले.

पंगतीत कोणीतरी हसले; त्याला ती थट्टा वाटली असावी.

"काहून?" चुडामण उभा राहिला. "विष कालवलं का आमी त्याच्यात?"

"सुरुंग लावलास तू. डोहात सुरुंग लावलास!"

"ठेकेदाराची सुरुंगाची थोडी दारू उरली होती. जाळं लावून दिवस गेला असता, पाहुणे का मंग उपाशी बसवायचे?"

"अरे, ती गाभण मासोळी होती! पिल्लं होती तिथं. आणखी दोन दिवसांनी ते पाणी नासेल. ढोरं काय पितील? तुझी बायको हंडा कुठं भरेल?"

"आता तुमीच सांगा, भाऊहो." चुडामणने पंगतीकडे वळून हात पसरले. "राखेच्या बुधवारी डोह कोणं बांधला? यायनं. कधीलोक, कोणत्या दिवसापर्यंत? ईस्टरलोक. ईस्टर होऊन महिना झाला का नाही? उपास माणसाचा सुटला अन् डोहाचा नाही सुटला? त्यानं काय जन्मभर उपाशी मरायचं?"

आता बरेच जण हसले. नंदकुमार माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आम्ही विचारून केलं, मास्तर. शास्त्रीजी स्वतः म्हणाले, उद्यापन झालं की नियम संपतो."

सगळ्या पंगतीने माझ्याकडे पाहिले. मास्तरांनीही पाहिले.

"म्हणालो," मी म्हणालो. "प्रश्न कशासाठी आहे, हे मी विचारले नाही."

माझ्यावर त्यांनी ओरडायला हवे होते. ते नुसते पाहत राहिले, आणि त्या क्षणी त्यांच्या रागाची दिशा बदलताना मला दिसली. जणू चुडामणवर उगारलेला हात कोणीतरी धरला आणि त्यांच्याच छातीकडे वळवला.

"अन् हे कोणासाठी केलं?" चुडामणचा आवाज आता चिरकला होता. "बावीस वर्षांनी आमच्या मास्तराले पाळक बनवायले बिशपसाहेब आले. त्यायले काय चटणी-भाकर वाढू? लोक म्हणतील, गोरे गेले अन् मंडळी भिकेले लागली. तुमच्यासाठी केलं ना! तुमच्यासाठी!"

"कडू," बिशपसाहेब शांतपणे म्हणाले, "इकडे ये. झाले ते वाईट झाले. पण मेलेली मासळी पुन्हा पोहणार नाही. या लोकांनी प्रेमाने रांधले आहे. प्रार्थना कर, आणि उद्या त्यांना समजावून सांग."

"साहेब, मला जमणार नाही."

"उद्या तुला यांचा पाळक व्हायचे आहे. त्यांच्या पानापुढे तू उभा राहत नसशील, तर त्यांच्या तिरडीपुढे कसा उभा राहशील? पाळक फक्त निर्दोष माणसांचा नसतो."

हा प्रश्न खरा होता. मास्तरांनी तो टाळला नाही. 

"मी यांच्या तिरडीपुढे उभा राहीन," ते म्हणाले. "यांच्या पापापुढेही उभा राहीन, तिथून हलणार नाही. पण भोजनाची प्रार्थना म्हणजे देणाऱ्याचे आभार. हे त्याने दिलेले नाही, साहेब. त्याच्या कोठाराला सुरुंग लावून आणले आहे. लुटीचा माल ज्याचा त्याच्याच पुढे ठेवून, बाबा, तुझे उपकार, असे कोणत्या तोंडाने म्हणू? आणि जी पिल्लं काठावर सडताहेत, ती कोणाच्या पोटात गेली? कोणाच्याच नाही. त्यांचे आभार कोण मानणार?"

"मग उद्याची दीक्षा होऊ शकणार नाही," बिशपसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, पण माघारही नव्हती.

दारात उभ्या भागाबाईंच्या हातून पळी पडली. "बावीस वरसं," त्या म्हणाल्या. "साहेब, बावीस वरसं हे प्रार्थना करून राहिले. एक प्रार्थना नाही केली तं..."

"होऊ नये," मास्तर म्हणाले. "भागा, होऊच नये. मी यांना उपास शिकवला. उपास सोपा असतो, त्याला शेवटचा दिवस असतो. राखण मी शिकवलीच नाही. आठ वर्षं मला वाटलं, माझे लोक डोह सांभाळताहेत. ते पंचांग सांभाळत होते. चुडामणनं माझाच नियम पाळला, अक्षरशः पाळला!" आणि त्यांनी मांडवाच्या खांबावर एवढ्या जोराने मूठ आपटली की वरच्या पताका हलल्या. कोणी हसले नाही.

ओसरीखालची एक टोपली उचलून ते डोहाकडे निघून गेले.

प्रार्थना बिशपसाहेबांनीच केली, थोडक्यात. बहुतेकांनी जेवून घेतले, हे मी लपवणार नाही. भूक होती, वास चांगला होता, आणि एकमेकांकडे पाहून प्रत्येकाने पहिला घास उचलला. बिशपसाहेबांनी नुसता भात खाल्ला. माझी भाकरी वेगळ्या चुलीवरची, निर्दोष, शुद्ध होती. ती मला गिळवेना. शुद्ध चुलीचा मला आयुष्यात पहिल्यांदाच संताप आला. मी तो मासा मारला नव्हता, शिवलाही नव्हता. फक्त त्याच्या मरणाला शास्त्राधार पुरवला होता.

मी डोहावर पोहोचलो तेव्हा भागाबाई माझ्या आधीच तिथे होत्या. लुगडे खोचून त्या कमरेइतक्या पाण्यात उतरल्या होत्या आणि दोन्ही हातांनी मेलेली पिल्ले चाळणीत ओढीत होत्या. तोंड अखंड चालू होते.

"आता मासे वेचून पाळक होणार हे! आणि तो मुडदा चुडामण, त्याच्या पाठीवर कोणं थाप दिली म्हणे? आणि साहेबाले काय, साहेब जीपमधी बसून जाईन. हंडे तं मलेच भरायचे ना! धरा टोपली, पाहता काय?"

हे शेवटचे मास्तरांना होते. पण टोपली मी धरली.

"शास्त्रीजी, तुम्ही सावलीत बसा," मास्तर म्हणाले.

"नाही."

"तुम्हाला मासा चालत नाही."

"खाल्लेला चालत नाही," मी म्हणालो. "वाहून नेलेला चालेल."

मेलेली मासळी पाण्यात राहिली तर दोन दिवसांत पाणी सडणार होते, म्हणून ती सगळी काढून काठापासून दूर पुरायची होती. टोपलीतून थंड, बुळबुळीत पाणी माझ्या उपरण्यावर आणि जानव्यावर ओघळत होते. दर खेपेला मला वाटे, आता संपले असेल. आणि दर खेपेला पाण्यावर तेवढेच पांढरे दिसे. मास्तर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मला राग येतोय, शास्त्रीजी. चुडामणचा येतोय, साहेबांचा येतोय. तुमचाही."

"यायलाच हवा."

"प्रार्थनेत मी तो सोडून द्यायचा असतो."

"इतक्यात सोडू नका," मी म्हणालो. "काम अर्धे व्हायचे आहे."

ऊन कलले तेव्हा चुडामण आला. सोबत रस्त्यावरचे चार गडी, हातात कुदळी आणि फावडी. तो मास्तरांपासून चार हात दूर उभा राहिला.

"मी माफी-बिफी मागणार नाही, मास्तर."

"मागू नको. तो खड्डा खोल कर. इतका उथळ ठेवला तर कुत्रे उकरतील."

"कुत्र्याइतकी अक्कल तुमच्या चुडामणले नाही, असंच म्हणा ना."

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हणा. म्हणाले तं बरं वाटन," चुडामण म्हणाला आणि कुदळ घातली. खड्डा कमरेइतका खोल होईपर्यंत त्याने कुदळ खाली ठेवली नाही. लाल पिल्लांची टोपली खड्ड्यात उलटताना मात्र त्याने तोंड फिरवले.

रविवारी दीक्षा झाली नाही. बिशपसाहेबांनी नेहमीची उपासना चालवली, आणि ती संपताना कडू मास्तरांना, प्रचारक म्हणूनच, दोन शब्द बोलायला सांगितले. मास्तर पुढे आले. झग्याऐवजी त्यांच्या अंगात रोजचा सदरा होता आणि त्यांच्या हातांचा वास दुसऱ्या ओळीपर्यंत येत होता.

"डोहाचा उपास मी मोडून टाकतो," ते म्हणाले. "आजपासून डोहाला उपास नाही, व्रत नाही, तारीख नाही. पूर येऊन नाला वाहता झाला आणि वाहत्या पाण्यात मासोळी आपल्या पायानं तुमच्या दारी आली, की जाळ्यानं धरा. तोवर नाही."

"मासोळीले पाय?" मागून कोणीतरी पुटपुटले.

"अन् पूर नाही आला तं?" चुडामणने विचारले.

"तर नाही."

"अन् त्या साली पाहुणे आले तं?"

"तर आपण काय खातो, ते पाहुण्यांना कळेल."

नंदकुमारने समितीचा ठराव, सह्या, असे काहीतरी सुरू केले. रंभाबाई खाली बसल्या होत्या, त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "सही-बिही राहू दे, बाबू. पाणी आमी भरतो. राखण आमी करू. ज्याले डोहात उतरायचं असंन, त्यानं आधी आमच्याशी बोलावं." बायांच्या बाजूने हुंकार आला. पुरुष इकडेतिकडे पाहू लागले.

जीपमध्ये बसण्यापूर्वी बिशपसाहेबांनी मास्तरांचा हात हाती घेतला. "मी चुकलो असेन, कडू. पण शब्द फिरवता येत नाही."

"आपण चुकला नाहीत," मास्तर म्हणाले. "आणि मीही चुकलो नाही. काय करणार?"

बिशपसाहेबांनी हात सोडला आणि ते जीपमध्ये चढले. जीप गेली. धूळ खाली बसेपर्यंत मास्तर रस्त्यावर उभे होते, मग शाळेकडे वळले. सोमवारचा धडा फळ्यावर लिहायचा होता. त्यांची दीक्षा पुढे झाली की नाही, असे लोक मला विचारतात. आजपर्यंत तरी झालेली नाही, आणि माझ्या हयातीत होईल असे दिसत नाही; माझे आता फार दिवस उरलेले नाहीत.

त्यांचा देव आणि माझा देव यांच्या नावांबद्दल वाद घालण्याचे वय माझे गेले. ज्याने ते पाणी कातळाखाली जपून ठेवले, त्याला मी एवढेच मागतो: चुडामणच्या हाताला चांगले काम मिळो, नंदकुमारला प्रश्नांची उत्तरे पचोत, रंभाबाईंचे हंडे भरलेले राहोत, भागाबाईंचा आवाज कधी खाली न येवो, आणि कडू मास्तरांचा राग देवाने शमवला तरी पुरता विझवू नये. सर्वांचे भले होवो.